मोटरहोमचा प्रवास पर्यावरणस्नेही कसा करावा: इंधन, वीज, पाणी आणि मुक्काम

मोटरहोम, कॅम्परव्हॅन किंवा गाडीमागे जोडलेली कॅराव्हॅन घेऊन निघताना पर्यावरणाचा विचार करायचा म्हटले की बहुतेकांना सर्वप्रथम छपरावरची सौर पॅनेल आठवतात. ती जरूर बसवावीत. पण सुरुवात त्यांच्यापासून केली तर हिशेब उलटा होतो. या प्रवासातून होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा फार मोठा भाग वाहन चालवण्यातून येतो आणि मुक्कामातल्या दिवे-पंख्यांचा वाटा त्यापुढे अगदी लहान असतो. म्हणून या लेखात आधी इंधन, मग वीज आणि उष्णता असा क्रम ठेवला आहे. सांडपाणी, मैला आणि मुक्कामाची जागा यांचा कार्बनशी फारसा संबंध नाही, पण जवळच्या ओढ्याला आणि मातीला त्यांचा थेट उपद्रव होतो, त्यामुळे त्यांच्याविषयीही सविस्तर लिहिले आहे.

पायरी १: आधी हिशेब मांडा

एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.६८ किलो आणि एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लिटरभर डिझेलचे वजन किलोपेक्षाही कमी असताना एवढा वायू कुठून येतो, असा प्रश्न स्वाभाविक आहे. इंधनातल्या कार्बनशी जोडला जाणारा ऑक्सिजन हवेतला असतो आणि वायूच्या वजनाचा मोठा भाग त्याचाच असतो. आता लिटरमागे ६ किलोमीटर धावणारे मध्यम आकाराचे मोटरहोम घेतले आणि ते एका दिवसात ३०० किलोमीटर चालवले, तर ५० लिटर डिझेल लागते, म्हणजेच सुमारे १३४ किलो कार्बन डायऑक्साइड. याउलट त्या दिवशीची मोटरहोममधली विजेची गरज साधारण एक युनिट असते. ती लहान पेट्रोल जनरेटरवर भागवली तर पाऊण ते एक लिटर पेट्रोल लागते आणि सुमारे दोन किलो वायू बाहेर पडतो. सौर पॅनेलने हे दोन किलो वाचतात; दिवसाचा टप्पा ३०० वरून २५० किलोमीटरवर आणला तर बावीस किलोंहून अधिक वाचतात.

प्रत्येक वेळी इंधन भरताना किलोमीटर आणि लिटर एका वहीत लिहून ठेवावेत आणि टाकी पूर्ण भरूनच सरासरी काढावी, कारण अर्धवट भरलेल्या टाकीवरून काढलेला आकडा फसवा असतो. पुढच्या पायऱ्यांमधला कोणता बदल आपल्या वाहनाला खरोखर लागू पडला, हे फक्त या नोंदीवरूनच कळेल.

पायरी २: वाहन गरजेपुरतेच मोठे घ्या

बसच्या आकाराची मोठी मोटरहोम लिटरमागे साधारण ३ ते ४ किलोमीटर जातात, तर व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेल्या कॅम्परव्हॅन सामान्यतः ७ ते ९ किलोमीटर जातात. एवढा फरक चालवण्याच्या कौशल्याने किंवा कोणत्याही उपकरणाने भरून निघत नाही. म्हणून वाहन निवडताना वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्यांचा नव्हे, तर नेहमी प्रवास करणाऱ्या माणसांचा विचार करावा. वर्षातून दोन-तीन आठवडेच प्रवास होणार असेल तर भाड्याचे वाहन घेणे मला सर्वांत योग्य वाटते, कारण एकच वाहन अनेकांच्या उपयोगी पडते आणि नवे वाहन बनवताना लागणारे पोलाद, अ‍ॅल्युमिनियम व प्लास्टिक वाचते. विकतच घ्यायचे असेल तर सुस्थितीतले जुने वाहन पाहावे. मात्र ते धूर व उत्सर्जनाच्या चालू नियमांत बसते की नाही, हे तपासूनच व्यवहार करावा.

विजेवर चालणाऱ्या गाडीमागे कॅराव्हॅन ओढता येते, पण उंच, चौकोनी कॅराव्हॅनमुळे एका चार्जमध्ये पार होणारे अंतर बरेचदा जवळजवळ निम्म्यावर येते. त्यामुळे मागची कॅराव्हॅन न सोडता गाडी उभी करता येईल अशी चार्जिंग केंद्रे वाटेत आहेत का, हे निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे लागते. डिझेल वाहन असलेल्यांना वनस्पती तेलांपासून किंवा टाकाऊ खाद्यतेलांपासून तयार केलेल्या इंधनाचा पर्याय काही ठिकाणी मिळतो. वाहनाच्या माहितीपुस्तिकेत त्याला स्पष्ट परवानगी असेल तरच ते भरावे, आणि त्यातही टाकाऊ तेलापासून बनलेले इंधन पसंत करावे, कारण त्यासाठी वेगळी शेतजमीन लागत नाही.

पायरी ३: टप्पे कमी, मुक्काम लांब

प्रवासाची आखणी करताना ठिकाणांची यादी न करता मुक्कामांची यादी करावी. ज्या परिसरात पाच-सहा ठिकाणे पाहायची आहेत, तिथे मध्यावर एकच तळ ठेवून मोटरहोम जागेवर उभे करावे आणि आसपासची भटकंती सायकल, बस, रेल्वे किंवा पायी करावी. काही टन वजनाचे घर रोज सकाळी हलवून सायंकाळी पुन्हा तिथेच आणण्यात कसलाच अर्थ नाही. परतीचा मार्ग वेगळा ठेवून एक वर्तुळ पूर्ण करता आले तर तेच अंतर दोनदा कापावे लागत नाही. घाटाचा जवळचा रस्ता आणि सपाटीचा थोडा लांबचा रस्ता यांत निवड करायची असेल तर जड वाहनासाठी अनेकदा सपाटीचा रस्ता कमी इंधनाचा ठरतो. चढावर खर्च झालेली ऊर्जा उतारावर ब्रेक लावताना उष्णता होऊन वाया जाते.

पायरी ४: वजन आणि टायर

सामान भरून, पाणी भरून, माणसे बसवून वाहन एकदा वजनकाट्यावर नेणे हे बहुतेक जण टाळतात, आणि नेमके तेच सर्वांत उपयोगाचे आहे. शक्य असल्यास पुढच्या आणि मागच्या आसावरचे वजन वेगवेगळे मोजून घ्यावे. टायर बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात कोणत्या वजनाला हवेचा किती दाब हवा हे दिलेले असते. त्यानुसार दाब ठेवावा आणि सकाळी गाडी हलवण्यापूर्वी, टायर थंड असतानाच तो तपासावा. दाब कमी असला की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, त्या वाकण्यात ऊर्जा जाते, टायर तापतो आणि झिजतो. झिजलेल्या टायरचे सूक्ष्म कण रस्त्यावरून पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यांत व नद्यांत जातात, हाही प्रदूषणाचा एक मोठा पण कमी चर्चिला जाणारा स्रोत आहे.

वजनाच्या बाबतीत पहिला विचार पाण्याचा करावा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे १५० लिटरची भरलेली टाकी ही दोन धडधाकट माणसांइतके ओझे होते. मुक्कामाच्या ठिकाणी पिण्याचे पाणी मिळणार असेल तर वाटेपुरते वीस-तीस लिटर पाणी पुरते. सांडपाण्याची टाकीही निघण्यापूर्वी, नेमलेल्या जागीच, रिकामी करून घ्यावी. छपरावरची सामानाची पेटी आणि मागे लावलेले जड लोखंडी स्टँड गरज नसेल तेव्हा काढून ठेवावेत.

पायरी ५: वेग

हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेगाने गेल्यास हवेला बाजूला सारण्यासाठी दर किलोमीटरला ५६ टक्के अधिक ऊर्जा लागते, आणि मोटरहोमचा सपाट, उंच दर्शनी भाग पाहता हा रोधच महामार्गावरच्या इंधनाचा मुख्य ग्राहक असतो. वेग ८०-८५ च्या आसपास ठेवून उजव्या-डाव्या मार्गिकेची शिस्त पाळणे आणि मागे रांग लागली तर सुरक्षित जागी थांबून इतरांना पुढे जाऊ देणे, एवढे पुरेसे आहे. सपाट रस्त्यावर क्रूझ कंट्रोल उपयोगी पडतो. डोंगराळ रस्त्यावर मात्र तो चढावर वेग टिकवण्यासाठी नाहक इंधन ओततो, तिथे पायानेच नियंत्रण ठेवावे. समोरचा सिग्नल लाल दिसताच अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढावा. उभ्या गाडीचे इंजिन केवळ बॅटरी चार्ज करण्यासाठी किंवा आतली हवा गरम ठेवण्यासाठी चालू ठेवू नये: मोठे डिझेल इंजिन जागच्या जागी तासाला एक लिटर किंवा त्याहून जास्त इंधन जाळते, तर डिझेलवरचा स्वतंत्र लहान हीटर तेवढ्याच वेळात साधारण ०.१ ते ०.२५ लिटरमध्ये आतला भाग उबदार ठेवतो.

पायरी ६: वीज मोजून मगच सौर पॅनेल

किती वॅटचे पॅनेल घ्यावे, याचे उत्तर विक्रेत्याला न विचारता स्वतःच्या वापरातून काढावे. प्रत्येक उपकरणाचे वॅट आणि ते दिवसात किती तास चालते, यांचा गुणाकार करून वॅट-तास मांडावेत. उदाहरणार्थ, १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला सुमारे ५००, एलईडी दिवे ४०, २० वॅटचा पंखा आठ तास चालवल्यास १६०, पाण्याचा पंप २०, फोन व लॅपटॉप मिळून २०० असे धरले तर बेरीज ९२० वॅट-तास होते. छपरावर सपाट बसवलेले १०० वॅटचे पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण ३०० ते ४०० वॅट-तास देते, म्हणजे वरच्या वापरासाठी उन्हाळ्यात ३०० वॅटची पॅनेल पुरी पडतात. विषुववृत्तापासून दूरच्या प्रदेशांत हिवाळ्यात हेच उत्पादन एक तृतीयांशाच्याही खाली घसरू शकते. तिथे पॅनेल वाढवण्यापेक्षा वापर कमी करणे आणि अधूनमधून वीज जोडणी असलेल्या तळावर मुक्काम करणे शहाणपणाचे.

हा तक्ता करताना फ्रिजकडे विशेष लक्ष द्यावे. अनेक जुन्या मोटरहोममध्ये गॅस, मुख्य वीज आणि १२ व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा शोषण पद्धतीचा फ्रिज असतो. तो १२ व्होल्टवर जवळजवळ सतत शंभर वॅटपेक्षा जास्त वीज खातो आणि त्याला पुरवठा करण्याइतकी पॅनेल छपरावर मावतही नाहीत. सौर ऊर्जेवर राहायचे असेल तर नव्या बॅटरीच्या आधी फ्रिज बदलण्याचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

बॅटरीच्या बाबतीत १२ व्होल्टच्या, १०० अ‍ॅम्पिअर-तासाच्या शिसे-आम्ल बॅटरीतून दीर्घायुष्य राखून जेमतेम निम्मी, म्हणजे सुमारे ६०० वॅट-तास वीज घेता येते. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हजाराच्या वर देते, वजनाला निम्म्याहून कमी असते आणि चार्ज-डिस्चार्जची हजारो आवर्तने सोसते. तिची एक मर्यादा लक्षात ठेवावी: शून्य अंश सेल्सिअसच्या खाली ती चार्ज केल्यास आतून कायमची बिघडते, म्हणून थंड प्रदेशात तापमान पाहून चार्जिंग तोडणारी किंवा स्वतः गरम होणारी बॅटरी घ्यावी. पॅनेल आणि बॅटरी यांच्यामधला चार्ज कंट्रोलर एमपीपीटी प्रकारचा, म्हणजे पॅनेलमधून मिळेल तितकी जास्तीत जास्त वीज काढून घेणारा असावा. आणि एका फांदीची सावली पॅनेलच्या एखाद्या कोपऱ्यावर पडली तरी ओळीत जोडलेल्या पेशींमुळे उत्पादन अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त घटते, हे ध्यानात घेऊन छपरावरचा पंखा, अँटेना आणि पॅनेल यांची जागा ठरवावी. वाहन सावलीत आणि पॅनेल उन्हात हवे असेल तर लांब तारेचे, घडी घालता येणारे पॅनेल सोबत ठेवावे.

पायरी ७: गारवा आणि ऊब

छपरावरचा वातानुकूलक चालू असताना १,२०० ते १,५०० वॅट ओढतो, म्हणजे वर हिशेब केलेली दिवसभराची वीज तासाभरात संपते. म्हणून उष्णता आत आल्यावर बाहेर काढण्यापेक्षा ती आत येऊ न देणे कितीतरी सोपे आहे. पुढच्या मोठ्या काचेवर परावर्तक पडदा बाहेरून लावावा. आतून लावलेला पडदा ऊन काचेतून आत शिरल्यानंतर अडवतो आणि त्यातली बरीच उष्णता काच व पडद्याच्या मध्ये अडकून आतच राहते. बाहेरचा पडदा ते काचेपर्यंत पोहोचूच देत नाही. दुपारच्या उन्हाकडे वाहनाची सर्वांत कमी काचांची बाजू येईल असे उभे करावे, सावलीच्या बाजूची खिडकी आणि छपरावरचा पंखा एकाच वेळी उघडून हवा वर ओढावी.

थंडीत उलट अडचण येते ती ओलाव्याची. एक किलो एलपीजी जळला की सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ आणि ३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. शेगडी पेटवून आतला भाग गरम करणे त्यामुळे दुहेरी चुकीचे आहे: भिंती ओल्या होऊन बुरशी धरते, आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडचा जीवघेणा धोका असतो. हीटर बाहेरून हवा घेणारा व धूर बाहेर सोडणाराच असावा आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र प्रत्येक वाहनात असावे. स्वयंपाकाला प्रेशर कुकर आणि घट्ट झाकणाची भांडी वापरली की गॅस व वाफ दोन्ही कमी होतात. बॅटरी पुरेशी मोठी असेल आणि ऊन भरपूर असेल तर दुपारचा स्वयंपाक इंडक्शन शेगडीवर करता येतो.

पायरी ८: पाणी, सांडपाणी आणि मैला

साधा शॉवर मिनिटाला ८ ते १० लिटर पाणी सोडतो. कमी प्रवाहाचा शॉवर बसवून, अंग ओले करणे, पाणी बंद करून साबण लावणे आणि मग धुऊन टाकणे या क्रमाने आंघोळ केली तर एका माणसाला दहा-बारा लिटर पुरतात. नळाच्या तोंडाला हवा मिसळणारी जाळी लावणे हा अगदी किरकोळ खर्चाचा उपाय आहे.

भांडी घासणे ही वरवर क्षुल्लक वाटणारी गोष्ट आहे, पण टाकीला येणारी दुर्गंधी आणि नाल्यांत जाणारे तेल यांचे मूळ तिच्यातच असते. जेवण झाले की ताटे व पातेली आधी रबरी खरवडणीने निपटून घ्यावीत आणि तेलकट भांडी वापरलेल्या कागदाने पुसावीत. तो कागद आणि उरलेले कण कचऱ्याच्या डब्यात जातील. त्यानंतर एका टोपात थोडे गरम पाणी व फॉस्फेट नसलेल्या साबणाचे थेंब घेऊन भांडी घासावीत आणि दुसऱ्या टोपातल्या स्वच्छ पाण्यात विसळावीत. मोरीच्या तोंडाशी बारीक जाळी ठेवावी. असे केल्यावर टाकीत जाणारे पाणी जवळजवळ निर्मळ असते आणि टाकीची गाळणी महिनोन्‌महिने तुंबत नाही.

साबणावर ‘जैवविघटनशील’ असे छापलेले असले तरी तो ओढ्यात किंवा तळ्यात चालतो असे समजू नये. त्याचे विघटन मुख्यतः मातीतल्या जिवाणूंमुळे होते. वाहत्या पाण्यात तो जलचरांपर्यंत तसाच पोहोचतो. मोकळ्या निसर्गात हात किंवा भांडी धुण्याची वेळ आलीच तर ‘लीव्ह नो ट्रेस’ (निसर्गात आपली खूण मागे ठेवू नका) या तत्त्वप्रणालीत सांगितल्याप्रमाणे पाण्याच्या साठ्यापासून सुमारे ६० मीटर दूर जावे आणि गाळलेले पाणी जमिनीवर पसरून टाकावे. टाकीतले सांडपाणी मात्र, स्थानिक नियम परवानगी देत नसतील तिथे, जमिनीवर अजिबात सोडू नये. रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात ते ओतणे तर अक्षम्यच, कारण ते गटार बहुतेक ठिकाणी कोणत्याही प्रक्रियेविना थेट नदीला मिळते.

मैल्याच्या टाकीसाठी फॉर्मल्डिहाइड असलेली रसायने वापरू नयेत. ती वास मारतात, पण त्याच वेळी सेप्टिक टाकीतले मैला कुजवणारे जिवाणूही मारतात, आणि लहान तळांची सगळी व्यवस्था याच जिवाणूंवर चालते. त्याऐवजी विकरे (एन्झाइम) किंवा जिवाणू असलेली द्रव्ये वापरावीत, भरपूर पाणी सोडावे आणि मैल्याचा झडप-दांडा मुक्कामात उघडा ठेवू नये. उघडा ठेवल्यास पाणी निघून जाते आणि घन मैल्याचा ढीग तळाशी चिकटतो. टाकी साधारण दोन तृतीयांश भरली की नेमलेल्या ठिकाणी न्यावी. हातमोजे घालून नळीचे एक टोक जमिनीतल्या तोंडात पक्के बसवावे, दुसरे टोक पारदर्शक कोपराच्या जोडाने वाहनाला लावावे, मग आधी मैल्याचा दांडा पूर्ण ओढावा. पारदर्शक जोडातून प्रवाह स्वच्छ होईपर्यंत थांबून दांडा बंद करावा आणि त्यानंतरच सांडपाण्याची टाकी सोडावी, म्हणजे तिच्या साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. पिण्याच्या पाण्याची नळी या कामाला कधीही वापरू नये आणि ती त्याच कप्प्यातही ठेवू नये.

मूत्र वेगळे करणारे कोरडे शौचालय हा पाणी वाचवणारा आणि रसायनमुक्त पर्याय आहे. मात्र त्याच्या घन भागाला प्रवासातच खत झाले असे मानणे चूक आहे. नारळाच्या काथ्याच्या भुशात मिसळून तो कोरडा व वासरहित होतो, पण रोगजंतू नष्ट होऊन खरे खत तयार व्हायला अनेक महिने लागतात. तो पुरू नये, झाडांना घालू नये. स्थानिक नियमांत जे सांगितले असेल त्याच मार्गाने त्याची विल्हेवाट लावावी.

पायरी ९: मुक्कामाची जागा

आधीपासून तुडवली गेलेली, खडीची किंवा खडकाळ जागाच वाहनासाठी निवडावी. जड चाकांनी माती एकदा दाबली गेली की तिच्यातली हवा-पाण्याची पोकळी नाहीशी होते आणि तिथे गवतही नीट उगवत नाही. कोरड्या वाळवंटी प्रदेशांत तर मातीवरचा सजीव थर एका चाकोरीने मोडला की पूर्ववत व्हायला दशके लागू शकतात. जळाऊ लाकूड दूरवरून सोबत नेऊ नये. २००२ साली उत्तर अमेरिकेत आढळलेल्या आणि तिथल्या कोट्यवधी अ‍ॅश वृक्षांचा बळी घेणाऱ्या हिरव्या भुंग्याच्या प्रसाराला लाकडाची अशी वाहतूक हे एक मोठे कारण ठरले. टायरच्या खाचांतला चिखल आणि बुटांना चिकटलेल्या बिया मुक्काम हलवण्यापूर्वीच काढून टाकाव्यात. बाहेरचे दिवे झोपण्यापूर्वी बंद करावेत आणि कचऱ्याचे डबे वन्य प्राण्यांना उघडता येणार नाहीत असे ठेवावेत.

पायरी १०: वापर नसतानाची देखभाल

प्रवास संपल्यावर टाक्या पूर्ण कोरड्या करून झडपांना वंगण लावावे, फ्रिजचे दार उघडे ठेवावे आणि लिथियम बॅटरी अर्धी चार्ज करून मुख्य स्वीच बंद करून ठेवावी. वातानुकूलकाकडे या काळात खास लक्ष द्यावे. वाहनांत बरीच वर्षे वापरलेला आर-१३४ए हा शीतक वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट तापमानवाढ घडवतो. त्याचा ७०० ग्रॅमचा साठा गळून गेला तर तो जवळजवळ एक टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखा ठरतो, म्हणजे सुरुवातीच्या उदाहरणातल्या ३०० किलोमीटरच्या सात दिवसांहून अधिक. म्हणून गारवा कमी झाला की नुसता वायू भरून घेऊ नये, आधी गळती शोधून दुरुस्त करून घ्यावी आणि काम करणारा कारागीर जुना वायू हवेत न सोडता यंत्राने परत गोळा करतो ना, याची खात्री करून घ्यावी. काढलेल्या जुन्या बॅटऱ्या अधिकृत पुनर्वापर केंद्रातच द्याव्यात, आणि लिथियम बॅटरी देताना तिच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावावी, म्हणजे वाहतुकीत ती शॉर्ट होऊन पेटणार नाही.